आरोग्य विम्याचे कमिशन घटले. प्रतिनिधीने ग्राहकाकडून शुल्क घ्यावे का?

मिरजकर

नमस्कार. मी मिरज-सांगली भागात बरीच वर्षे आरोग्य विम्याचा प्रतिनिधी म्हणून काम करतो. या मंचावर विमा प्रतिनिधी आहेत, करसल्लागार आहेत आणि दरवर्षी हप्ता भरणारे ग्राहक तर पुष्कळच आहेत. म्हणून सध्या आमच्या व्यवसायात दोन माणसे भेटली की ज्या प्रश्नावर बोलणे सुरू होते, तो येथे सविस्तर मांडतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कुटुंबासाठीच्या आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी रद्द झाला. ग्राहकाच्या दृष्टीने हा निर्णय चांगला आहे आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. ज्या कुटुंबाचा मूळ हप्ता २५,००० रुपये होता त्याला पूर्वी करासह २९,५०० रुपये भरावे लागत, ते आता २५,००० भरतात. मात्र विमा करमुक्त झाल्यामुळे, तो देण्यासाठी कंपनी जो खर्च करते त्यावरचा जीएसटी तिला ग्राहकाकडून गोळा केलेल्या करातून वळता करून घेता येत नाही. कार्यालयाचे भाडे, संगणकप्रणाली, जाहिरात यांच्याबरोबर आमच्या कमिशनवरचा करही त्यात आला. हा नवा भार कोणी सोसायचा, याचा निकाल अनेक कंपन्यांनी ऑक्टोबरपासून असा लावला की यापुढे कमिशन जीएसटी धरूनच दिले जाईल. म्हणजे १५ टक्के दराने वरच्या कुटुंबामागे जे ३,७५० रुपये मिळत होते, ते आता ३,१७८ रुपयांच्या आसपास आले. एका पॉलिसीमागे हा फरक लहान दिसतो, पण ज्याचे घर केवळ रिन्युअलवर चालते त्याला तो वर्षाच्या शेवटी चांगलाच जाणवतो. पेट्रोल, फोन, कार्यालयातल्या मदतनिसाचा पगार यांपैकी काहीही त्या प्रमाणात कमी झालेले नाही.

कमिशन म्हणजे पॉलिसी विकल्याचा मोबदला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात आरोग्य विम्यात प्रतिनिधीची खरी गरज ग्राहकाला लागते ती रुग्णालयात दाखल होण्याच्या वेळी. एक उदाहरण देतो. पॉलिसी तीन लाखांची असेल आणि खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का असेल, तर दिवसाला ३,००० रुपयांपर्यंतची खोली घेता येते. नातेवाईक गडबडीत ६,००० रुपयांची खोली घेतात आणि त्यांना वाटते की वरचे ३,००० रुपये आपण भरू. पण कंपनी प्रमाणशीर कपात करते आणि डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचे भाडे, शुश्रूषेचा खर्च हे सारे त्याच प्रमाणात, म्हणजे निम्म्यावर आणले जातात. औषधे, तपासण्या, शरीरात बसवायची उपकरणे यांना ही कपात लागू होत नाही, परंतु हे सांगणारा माणूस त्या क्षणी फोनवर उपलब्ध असावा लागतो. रात्री ॲडमिशनच्या वेळी झालेले दोन मिनिटांचे बोलणे त्या कुटुंबाचे मोठे नुकसान टाळते. मिरजेत तर कोल्हापूर, सोलापूरपासून कर्नाटकापर्यंतचे रुग्ण येतात, त्यामुळे असे फोन आम्हांला नेहमीच येतात.

आता प्रश्न असा आहे की कमिशन कमी होत जाणार असेल, तर या कामाचा मोबदला कोठून यायचा? माझ्या ओळखीतले काहीजण म्हणू लागले आहेत की ग्राहकाकडून थेट शुल्क घ्यावे. कोणी वर्षाला ठरावीक रक्कम म्हणतो, तर कोणी कॅशलेसची, म्हणजे रुग्णालयाचे बिल कंपनीने थेट भरण्याची, फाइल करून देण्याचे पैसे म्हणतो. दोघांचीही अडचण खरी आहे. पण विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१६ च्या विनियमांतली वैयक्तिक प्रतिनिधीची आचारसंहिता मी पुन्हा वाचली. क्लेमची पूर्तता करण्यासाठी विमेदाराला आवश्यक ते साहाय्य करणे हे तिच्यात प्रतिनिधीचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे, आणि विम्याच्या रकमेतला हिस्सा लाभार्थ्याकडे मागण्यास किंवा घेण्यास स्पष्ट मनाई आहे. जे काम कर्तव्य म्हणून लिहून दिलेले आहे, त्याचे वेगळे पैसे त्याच ग्राहकाकडून घेणे मला पटत नाही. तरीही काम तर करायचे आहे आणि घरही चालवायचे आहे. आपण सर्वांनी यावर मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

करसल्लागार

धागाकर्त्यांनी आकडेमोड बरोबर मांडली आहे. काही ठिकाणी "कमिशन १८ टक्क्यांनी घटले" असे लिहिले जाते, म्हणून थोडी भर घालतो. १०० रुपये करासह धरले तर मूळ रक्कम ८४.७५ रुपये येते, म्हणजे प्रत्यक्ष घट सव्वापंधरा टक्क्यांची आहे. आपल्या कंपनीने यापेक्षा जास्त कापले असेल, तर तो केवळ जीएसटीचा परिणाम नसून दरच खाली आणला आहे, असे समजावे आणि लेखी विचारणा करावी.

वैयक्तिक प्रतिनिधीच्या कमिशनवरचा जीएसटी पूर्वीपासूनच उलट आकारणीने विमा कंपनी भरते. प्रतिनिधीने तो कधी हातात घेतला नाही आणि भरलाही नाही, त्यामुळे बऱ्याच जणांना असा कर आहे हेच माहीत नव्हते. कंपनीला तो वळता करून मिळत होता तोपर्यंत कोणालाच त्याची झळ नव्हती. समूह विम्यावर, म्हणजे नोकरदारांसाठी कंपनीने घेतलेल्या पॉलिसीवर, १८ टक्के जीएसटी अजून आहे, म्हणून तेथे हा प्रश्न उद्भवत नाही.

शुल्काचा विचार करणाऱ्यांनी कराची आणखी एक बाजू लक्षात घ्यावी. ग्राहकाकडून घेतलेले शुल्क ही तुमची स्वतंत्र सेवा ठरते आणि तिला उलट आकारणी लागू होत नाही. वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या वर गेली, तर नोंदणी करून त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी तुम्हांलाच गोळा करावा लागेल, आणि उलाढाल मोजताना तुमचे कमिशनही त्यात धरले जाते. पॉलिसीवर कर शून्य आणि प्रतिनिधीच्या शुल्कावर १८ टक्के, असे बिल ग्राहकापुढे ठेवणे सोपे जाणार नाही.

एक दिलासा मात्र आहे. कमिशनवरची टीडीएस कपात वैयक्तिक प्रतिनिधींसाठी १ एप्रिल २०२५ पासून ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आली आणि तिची मर्यादा १५,००० वरून २०,००० रुपये झाली. त्यामुळे उत्पन्न वाढत नाही, परंतु परताव्याची वाट पाहत अडकून राहणारी रक्कम कमी होते.

ठाण्याचा ग्राहक

मी या व्यवसायातला नाही, पण घरातल्या चार माणसांच्या पॉलिसी दरवर्षी भरतो, म्हणून ग्राहकाची बाजू मांडतो. मिरजकर, आपला सूर प्रामाणिक आहे, म्हणूनच मीही स्पष्ट लिहितो.

हप्ता वाढला की तुमचे कमिशन आपोआप वाढते, हे आपल्या मांडणीत आले नाही. गेल्या काही वर्षांत आमचे हप्ते ज्या वेगाने वाढले, त्या वेगाने आमचे पगार वाढले नाहीत. ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर आधी नियामकाशी सल्लामसलत करावी, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाला काढावा लागला, यावरून परिस्थिती कळते. टक्केवारीच्या कमिशनमध्ये प्रतिनिधीला हप्तावाढीचा फायदाच होतो आणि आम्हांला तिचा फटका बसतो.

याहून महत्त्वाची गोष्ट सल्ल्याची आहे. दहा लाखांच्या एकाच पॉलिसीऐवजी पाच लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर पाच लाखांच्या पुढचा खर्च देणारी सुपर टॉप-अप घेतली, तर बहुतेक वेळा एकूण हप्ता बराच कमी येतो. हे मला प्रतिनिधीने सांगितले नाही, कार्यालयातल्या सहकाऱ्याने सांगितले. प्रतिनिधी वाईट माणूस होता असे नाही, परंतु कमी हप्त्याचा सल्ला दिला की त्याचेच उत्पन्न घटणार, अशी त्याच्या मोबदल्याची रचना आहे. म्हणून माझे मत असे आहे की सल्ल्यासाठी वर्षाला ठरावीक, आधी सांगितलेले, पावती देऊन घेतलेले शुल्क असेल तर मी ते आनंदाने देईन. पण माणूस अतिदक्षता विभागात असताना "फाइलचे एवढे होतील" असे ऐकावे लागले, तर त्या प्रतिनिधीवरचा माझा विश्वास तेथेच संपेल. त्या वेळी माणूस नाही म्हणूच शकत नाही.

जुना प्रतिनिधी, कोल्हापूर

ठाणेकर साहेबांचे म्हणणे मी पूर्णपणे मान्य करतो. त्यात थोडी भर घालतो, कारण आपल्या लोकांनी आधी स्वतःच्या घरातली गळती पाहावी, असे मला वाटते.

ग्राहकाचा पहिला प्रश्न असतो, "कमिशनमधून किती सोडणार?" आणि आपल्यातले अनेकजण सोडतात. १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार अशी सूट देणे गुन्हा आहे, ती घेणाराही दोषी ठरतो, आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर दंडाची मर्यादा दहा लाख रुपयांपर्यंत आहे. प्रस्तावाच्या अर्जावर हे कलम छापलेले असते, त्याच्याखाली ग्राहक सही करतो आणि त्याच बैठकीत सूट ठरते. ज्या कमिशनमधून हजार-दीड हजार स्वखुशीने परत दिले जातात, त्यातून साडेपाचशे गेले म्हणून रडणे योग्य नाही. ज्या दिवशी ही सूट बंद होईल, त्या दिवशी जीएसटीमुळे झालेले नुकसान बहुतेकांचे भरून निघेल. सूट मागणारा ग्राहक गेला तर जाऊ द्यावा, कारण पुढच्या वर्षी आणखी शंभर रुपये जास्त सोडणारा त्याला भेटणारच असतो.

दुसरा मुद्दा दरांचा आहे. पूर्वी वैयक्तिक आरोग्य विम्यावर १५ टक्क्यांची कमाल मर्यादा होती. १ एप्रिल २०२३ पासून ती काढून टाकली आणि कमिशन किती द्यायचे हे कंपनीच्या संचालक मंडळावर सोडले. फक्त एकूण व्यवस्थापन खर्चाला मर्यादा राहिली, ती सर्वसाधारण विमा कंपन्यांना एकूण हप्त्याच्या ३० टक्के आणि केवळ आरोग्य विमा देणाऱ्या कंपन्यांना ३५ टक्के आहे. त्या वेळी आपल्यातल्या पुष्कळांना आनंद झाला की आता कमिशन वाढणार. ते वाढलेही, परंतु ज्यांच्याकडे मोठा धंदा आहे त्या बँका, मोठे दलाल आणि ऑनलाइन मंच यांना घासाघीस करता आली, तशी तालुक्याच्या गावातल्या प्रतिनिधीला करता आली नाही, असे माझे निरीक्षण आहे. मर्यादा नसलेल्या बाजारात एकट्यादुकट्याची ताकद कमीच पडते. कर कोणी सोसायचा हे ठरवतानाही तेच झाले.

एडिसनवासी

मी न्यू जर्सीत राहतो आणि येथे आरोग्य विम्याच्या एजन्सीत काम केले आहे. तुमच्याकडे आता जे घडते आहे त्याच्याशी मिळतेजुळते येथे पंधरा वर्षांपूर्वी घडले, म्हणून लिहितो.

२०१० च्या आरोग्य कायद्याने अशी अट घातली की वैयक्तिक आणि लहान समूहांच्या विम्यात हप्त्यातले किमान ८० टक्के आणि मोठ्या समूहांच्या विम्यात ८५ टक्के उपचारांवर आणि त्यांच्या दर्जावर खर्च झाले पाहिजेत, नाहीतर फरक ग्राहकाला परत द्यावा. २०११ पासून ही अट लागू झाली. प्रतिनिधीचे कमिशन उरलेल्या २० किंवा १५ टक्क्यांत मोजले जात असल्याने कंपन्यांनी पहिली कात्री तेथेच लावली. पुष्कळ कंपन्यांनी टक्केवारी सोडून दरमहा दरमाणशी ठरावीक रक्कम देणे सुरू केले. हप्ता वाढला तरी ती रक्कम तेवढीच राहते. ठाण्याच्या सभासदांनी सांगितलेला हितसंबंधांचा प्रश्न त्यामुळे बराचसा सुटला, पण प्रतिनिधीचे उत्पन्नही घसरले.

त्यानंतर शुल्काची चर्चा येथेही झाली. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे. काही राज्यांत एकाच व्यवहारात कमिशन आणि शुल्क दोन्ही घेता येत नाही, काही ठिकाणी आधी लेखी करार करून आणि रक्कम उघड करून घेता येते. व्यक्तींकडून शुल्क मिळवणे मात्र फारच कठीण गेले, कारण तीच पॉलिसी त्याच किमतीला शुल्काशिवाय दुसरीकडे मिळत होती. जे तगले त्यांतल्या बऱ्याच जणांनी लहान कंपन्यांचे काम धरले. कर्मचाऱ्यांची नोंदणी, कागदपत्रे, नियमांची पूर्तता ही कामे करून त्यांचे पैसे मालकाकडून घेतले. आजारी माणसाकडून शुल्क घेण्यापेक्षा व्यवस्थापनाचे काम हवे असलेल्या संस्थेकडून ते घेणे अधिक न्याय्यही आहे आणि सोपेही.

शुल्कसल्लागार, पुणे

मी सेबीकडे, म्हणजे भांडवली बाजाराच्या नियामकाकडे, नोंदणी केलेला गुंतवणूक सल्लागार आहे आणि केवळ शुल्कावर काम करतो, म्हणून या बाजूची माहिती देतो.

म्युच्युअल फंडांत १ ऑगस्ट २००९ पासून प्रवेशभार, म्हणजे पैसे गुंतवतानाच कापले जाणारे शुल्क, बंद झाला आणि जानेवारी २०१३ पासून थेट योजना आल्या. वितरकाला कमिशन न देता स्वस्तात गुंतवणूक करण्याचा मार्ग ग्राहकाला मिळाला, आणि त्यामुळे सल्ल्यासाठी वेगळे शुल्क का द्यायचे हे त्याला समजावता आले. कमिशन वाचते त्यातून शुल्क निघते, असा तो साधा हिशेब होता. आरोग्य विम्यात प्रत्येक उत्पादनाची अशी कमिशनविरहित आवृत्ती असावी, असे बंधन नाही. काही कंपन्या आपल्या संकेतस्थळावर थोडी सवलत देतात, पण सरसकट तशी व्यवस्था नाही. म्हणून येथे शुल्क घेतले तर ग्राहक दोनदा पैसे देतो, एकदा हप्त्यात दडलेले कमिशन आणि दुसऱ्यांदा शुल्क. हा आक्षेप गैरलागू आहे असे मला म्हणता येत नाही.

माझ्या व्यवसायाचा नियम असा आहे की ज्या कुटुंबाला मी सल्ला देऊन शुल्क घेतो, त्याच कुटुंबाला काही विकून कमिशन घ्यायचे नाही. ज्यांना शुल्काकडे जायचे आहे त्यांनी एजन्सीचा कोड खिशात ठेवून वर शुल्क आकारण्याऐवजी परीक्षा द्यावी, नोंदणी करावी आणि बाजू बदलावी. दलालाचा परवाना हा आणखी एक मार्ग आहे. दलालांच्या विनियमांत जोखीम व्यवस्थापनाच्या सेवेसाठी ग्राहकाशी करार करून शुल्क घेण्याची तरतूद आहे. मात्र त्यासाठी लागणारे भांडवल आणि व्यवस्था पाहता तो एकट्या प्रतिनिधीचा मार्ग नाही. अर्धा पाय इकडे आणि अर्धा तिकडे ठेवणाऱ्याला तक्रार झाल्यावर कोणताच नियम वाचवत नाही.

रत्नागिरीकर ताई

मी शुल्क घेत नाही आणि घेणारही नाही. आमच्याकडचे ग्राहक चाकरमान्यांचे आईवडील आहेत, मुलगा मुंबईहून हप्ता भरतो आणि धावपळीला येथे कोणी नसते. त्यांच्याकडे पैसे मागणे मला शक्य नाही. म्हणून मी उत्पन्नाऐवजी खर्चाकडे आणि वेळेकडे पाहिले, ते सांगते.

पूर्वी रिन्युअलच्या प्रत्येक चेकसाठी मी घरोघर जात असे. आता चिपळूण, लांजा, राजापूर येथे ठरलेल्या वारी एका ठिकाणी बसते आणि लोक तेथे येतात. ज्यांच्या मुलांना जमते त्यांच्या खात्यातून हप्ता आपोआप जातो. प्रत्येक कुटुंबाची एक फाइल केली आहे, तिच्यात पॉलिसी, ओळखपत्रे, जुन्या आजारांचे कागद, खोलीभाड्याची मर्यादा मोठ्या अक्षरांत, आणि जवळ कॅशलेस कोठे होते त्याची यादी असते. फाइलची एक प्रत मुंबईतल्या मुलाकडे असते. क्लेमच्या वेळी जे धावावे लागे त्यातले निम्मे काम या फाइलमुळे आधीच झालेले असते. नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत मिळाली पाहिजे, आणि कंपनीमुळे उशीर झाल्याने रुग्णालयाने जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे आहेत. हे वाक्य मी मराठीत छापून फाइलच्या पहिल्या पानावर लावले आहे. नातेवाईक ते बिलिंगच्या खिडकीवर दाखवतात.

उत्पन्नासाठी मी त्याच कुटुंबांच्या वाहन विम्याचे आणि अपघात विम्याचे काम वाढवले. नवे ग्राहक शोधण्यापेक्षा असलेल्या घरांतली राहिलेली गरज पूर्ण करणे मला जास्त प्रामाणिक वाटते. ज्यांना हप्ता परवडतच नाही त्यांना महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, हे मी आधी सांगते, आणि सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मान कार्ड काढायला पाठवते. त्यातून मला काही मिळत नाही, पण त्या घरातला मुलगा नोकरीला लागला की पहिला फोन मलाच करतो.

सोलापूरचा प्रतिनिधी

ताईंचे काम चांगलेच आहे, पण एक वेगळी परिस्थिती मांडतो. माझ्या स्वतःच्या ग्राहकांकडून मी काहीच घेत नाही. मात्र ज्यांची पॉलिसी मी विकलेलीच नाही, अशी माणसे माझ्याकडे येतात. कोणाची पॉलिसी कर्जाबरोबर गळ्यात मारलेली असते, कोणी ऑनलाइन घेतलेली असते, तर कोणाच्या प्रतिनिधीने काम सोडलेले असते. क्लेम नाकारला गेल्यावर ती माझ्या दारात येतात. जुना आजार लपवला असे कारण दिलेले असते, आणि पॉलिसीला सलग पाच वर्षे झाली असतील तर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, त्या कारणाने क्लेम नाकारताच येत नाही. ही मुदत पूर्वी आठ वर्षांची होती, एप्रिल २०२४ पासून ती पाच वर्षांवर आली, हे त्या माणसाला माहीतच नसते. मी कागद वाचतो, पत्र लिहून देतो, पाठपुरावा करतो. त्या पॉलिसीचे कमिशन मला कधीच मिळालेले नाही. येथेही शुल्क घेऊ नये का?

जुना प्रतिनिधी, कोल्हापूर

आपली अडचण खरी आहे आणि या धाग्यातला सर्वांत कठीण प्रश्न तोच आहे. तरी माझे उत्तर असे आहे की मिळालेल्या क्लेमच्या टक्केवारीत काहीही घेऊ नये. दहा टक्के, पंधरा टक्के मागणारे लोक आता शहरांत दिसू लागले आहेत. उपचारांसाठी आलेल्या पैशांत वाटा मागणे हा सरळ अन्याय आहे, आणि ज्याच्याकडे एजन्सी आहे त्याने ते केले तर आचारसंहितेचा भंग आहे.

अशा ग्राहकाला मी तीन पायऱ्यांचा रस्ता सांगतो. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी, ती नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवरही नोंदवावी, आणि तीस दिवसांत समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जावे. लोकपालाकडे पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात आणि शुल्क शून्य असते. तक्रार विमेदाराने किंवा त्याच्या वारसाने, नामनिर्देशिताने स्वतः करायची असते. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे येथे कार्यालये आहेत. जी व्यवस्थाच मध्यस्थाशिवाय आणि फुकट उभी केली आहे, तिच्या दाराशी बसून आपण पैसे घेऊ नयेत. पत्र लिहून द्यावे, आणि पुढच्या वर्षी ती पॉलिसी तुमच्या कंपनीकडे पोर्ट करण्याबद्दल, म्हणजे जुने लाभ ठेवून कंपनी बदलण्याबद्दल, विचारावे. रिन्युअलच्या किमान पंचेचाळीस दिवस आधी अर्ज केला की जुन्या पॉलिसीत पूर्ण झालेला प्रतीक्षाकाळ, म्हणजे काही आजारांना संरक्षण मिळण्याआधीची मुदत, नव्या पॉलिसीतही धरला जातो. त्यातून रीतसर कमिशन मिळते.

सोलापूरचा प्रतिनिधी

पोर्ट करण्याचा मार्ग योग्य आहे, पण ज्याचा नुकताच मोठा क्लेम झालेला आहे त्याला नवी कंपनी घेईलच असे नाही. बहुतेक वेळा ती नकार देते. म्हणजे ज्याला माझी सर्वांत जास्त गरज आहे, त्याचेच काम कायम विनामोबदला राहते. टक्केवारी घेऊ नये हे मला मान्य आहे. मी घेतलेलीही नाही. परंतु हे काम समाजात कोणीतरी करायला हवे आणि त्याचा खर्च कोणीतरी द्यायला हवा, एवढे तरी मान्य व्हावे.

ठाण्याचा ग्राहक

हे मला मान्य आहे. माझ्या मते तो खर्च ज्या कंपनीने पॉलिसी विकली तिने द्यायला हवा. त्या पॉलिसीचे कमिशन तिने बँकेला किंवा ऑनलाइन मंचाला दिले असेल आणि क्लेमच्या वेळी तेथे फोन उचलायला कोणी नसेल, तर कमिशनमधला सेवेचा भाग त्यांच्याकडे का राहावा?

मिरजकर

सर्वांचे मनापासून आभार. ठाणेकर साहेबांच्या शेवटच्या वाक्याने मला जे सांगता येत नव्हते ते नेमके सापडले.

आपल्या उत्पन्नातली त्रुटी ग्राहकाच्या खिशातून भरण्याचा विचार मी सोडून दिला आहे. कमिशन कंपनी देते, ते कमी कंपनीने केले, आणि म्हणून मागणीही कंपनीकडेच करायला हवी. आज १५ टक्के किंवा जे काही मिळते, ते विक्री, रिन्युअल आणि क्लेममधली मदत या सर्वांसाठी एकत्र मिळते, त्यामुळे क्लेमच्या वेळी फोन बंद ठेवणाऱ्याला आणि मध्यरात्री रुग्णालयात जाणाऱ्याला सारखाच मोबदला मिळतो. या रकमेचे दोन भाग व्हावेत. एक विक्रीचा असावा. दुसरा सेवेचा असावा, आणि तो ज्याने प्रत्यक्ष सेवा दिली त्याला मिळावा, मग पॉलिसी कोणीही विकलेली असो. सेवेचा भाग हप्त्याच्या टक्केवारीत न ठेवता दर पॉलिसीमागे ठरावीक ठेवला, तर सुपर टॉप-अप सुचवणाऱ्याचे नुकसान होणार नाही. सोलापूरच्या मित्रांच्या दारात येणाऱ्या माणसाने त्यांना सेवा प्रतिनिधी म्हणून नेमावे आणि कंपनीने त्याची नोंद घ्यावी, अशी सोय झाली तर त्यांच्या प्रश्नालाही उत्तर मिळते. बँका आणि ऑनलाइन मंच याला विरोध करतील, हे मी जाणून आहे.

हे होईपर्यंत मी स्वतः दोन गोष्टी करणार आहे. कमिशनमधून सोडणे माझ्याकडे यापुढे पूर्ण बंद राहील. आणि ग्राहकाने विचारले तर कमिशनचा दर सांगणे हे आचारसंहितेनुसार कर्तव्यच आहे, पण मी तो न विचारताही प्रस्तावाच्या वेळी कागदावर लिहून देईन आणि त्याच कागदावर त्या रकमेत कोणकोणती कामे येतात तेही लिहीन. क्लेमच्या मदतीसाठी वेगळे काही द्यावे लागणार नाही, हे वाक्य त्यात असेल.

सेवेच्या मोबदल्याबद्दलच्या निवेदनाचा मसुदा मी येत्या रविवारपर्यंत याच धाग्यावर ठेवतो. करसल्लागारांनी त्यातला जीएसटीचा परिच्छेद तपासून द्यावा. रत्नागिरीच्या ताईंनी त्यांच्या फाइलचे पहिले पान येथे टाकले, तर मीही ते छापून माझ्या ग्राहकांना देईन.

रत्नागिरीकर ताई

पान उद्या टाकते. त्यात प्रत्येकाने आपल्या कंपनीचा टोल-फ्री क्रमांक आणि खोलीभाड्याची मर्यादा स्वतः भरावी, कारण ती पॉलिसीप्रमाणे बदलते. ज्यांच्या पॉलिसीत मर्यादा नाही त्यांनी तेथे "मर्यादा नाही" असे स्पष्ट लिहावे. रकाना कोरा राहिला तर बिलिंगच्या खिडकीवर पुन्हा गोंधळ होतो.